सगळ्या लाइनी व्यस्त आहेत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या वयाच्या मंडळींना एक बाई नक्की आठवत असतील. त्यांना आपण कधी पाहिलं नाही, त्यांचं नावही आपल्याला ठाऊक नाही. पण एसटीडी बूथच्या काचेच्या खोक्यात घामाघूम होऊन सातव्यांदा नंबर फिरवला की त्या हमखास भेटायच्या. ‘इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं.’ मग तेच इंग्रजीत. आवाज इतका शांत, की भांडायचीही सोय नाही.

आज मला बोलायचं आहे ते या बाई जे सांगत नसत त्याविषयी. लाइनी भरल्या आहेत हे त्या आपल्याला सांगायच्या, म्हणजे बाहेर अडकलेल्या माणसाला. आपण काय करणार? थांबणार, नाहीतर घरी जाणार. पण ज्याच्या हातात काही होतं, जो अडकलेली लाइन मोकळी करू शकत होता किंवा चार लाइनी वाढवा म्हणून वर लिहू शकत होता, त्याला हे कोण सांगत असे? माझी उभी नोकरी कॉम्प्युटरच्या डेटाबेसची राखण करण्यात गेली. या प्रश्नानं मला एकदा असं तोंडघशी पाडलं, की पुढे कितीतरी दिवस मी त्याचा इतिहासच धुंडाळत बसलो होतो.

सुरुवात घरापासून करतो. माझे वडील टेलिफोन खात्यात मेकॅनिक होते. तेव्हाची एक्स्चेंज स्ट्राउजर पद्धतीची. आल्मन स्ट्राउजर हा अमेरिकेतला अंत्यविधीचं सामान पुरवणारा माणूस. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानाकडे वळवतात असा त्याला संशय होता म्हणे, आणि त्या रागातून त्यानं ऑपरेटरशिवाय चालणारं यंत्र काढलं. रागाची गोष्ट खरी असो-नसो, १८९१ चं पेटंट खरं आहे. आपण डायलवर पाच फिरवला की दूर एक्स्चेंजमध्ये एक दांडा पाच पायऱ्या खटखट वर चढायचा. असे शेकडो दांडे एकाच वेळी चढू-उतरू लागले की त्या दालनात गारांचा पाऊस पडल्यासारखा आवाज होई. लहानपणी मी डबा द्यायला जायचो तेव्हा दारातच कानांवर हात ठेवायचो.

त्या खडखडाटात एका फळीवर छोटे छोटे मीटर असायचे, सायकलला पूर्वी असत तसे, आकडा पुढे सरकवणारे. एखाद्या मार्गावरच्या सगळ्या लाइनी भरलेल्या असताना आणखी कुणी फोन लावला, की मीटर एकानं पुढे जाई. बाबा ठरल्या वेळी वही घेऊन ते आकडे उतरवून काढत. म्हणजे बाहेरच्या माणसाला एंगेज टोन ऐकू जात होता, आणि आत त्याच्या प्रत्येक निराशेची नोंद होत होती. मात्र ती वही कुणीतरी वाचावी लागे. मीटर स्वतःहून काही बाबांच्या खांद्यावर हात ठेवत नसे.

पण लाइनी किती असाव्यात, हे ठरवायचं कसं? प्रत्येकाला एक द्यायची म्हटली तर तांबं पुरायचं नाही. कमी दिल्या तर लोक शिव्या देणार. हा हिशेब ज्यानं पहिल्यांदा नीट मांडला त्याचं नाव आग्नेर क्रारुप एरलांग. डेन्मार्कच्या खेड्यातल्या शाळामास्तरांचा हा मुलगा, जन्म १८७८ चा. काही वर्षं शिकवण्यात घालवल्यावर १९०८ साली तो कोपनहेगन टेलिफोन कंपनीत लागला. त्या कंपनीचे मुख्य इंजिनिअर येन्सेन हे स्वतः नामांकित गणिती. त्यांनीच याला हेरलं होतं. एरलांग नुसता टेबलावर बसणाऱ्यांतला नव्हता. जमिनीखालच्या तारांमध्ये भटके विद्युतप्रवाह शिरतात, त्यांची मोजणी करायला तो कोपनहेगनच्या रस्त्यांवरून फिरायचा, मागे शिडी घेतलेला एक कामगार, आणि दोघं एकेका गटारासारख्या भोकातून खाली उतरायचे. मला हे चित्र फार आवडतं. नाहीतर गणित म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फळाच येतो.

१९०९ साली त्याचा पहिला लेख आला आणि १९१७ साली ते प्रसिद्ध सूत्र. ब्रिटिश पोस्ट खात्यानंही पुढे ते उचललं. सूत्र सांगत नाही, त्यातून निघणारी गंमत सांगतो. समजा, एखाद्या ठिकाणी तासाला तीनशे फोन होतात आणि प्रत्येक जण सरासरी दोन मिनिटं बोलतो. म्हणजे एका तासात सहाशे मिनिटांचं बोलणं, म्हणजे सतत दहा लाइनींचं काम. मग दहा लाइनी पुरेत? नाही. माणसं सारख्या अंतरानं रांगेत येत नाहीत, घोळक्यानं येतात. दहा लाइनी ठेवल्या तर शंभरातल्या एकवीस जणांना एंगेज टोन ऐकावा लागतो. पाच वाढवून पंधरा केल्या, की हा आकडा चारच्याही खाली येतो. वीस केल्या तर पाचशेत जेमतेम एक जण परत जातो.

आता याच हिशेबातली दुसरी बाजू. पंधरा लाइनी आहेत, सगळं सुरळीत चाललंय. फोन करणारे तेवढेच आहेत, तासाला तीनशे. पण काही कारणानं माणसं दोन मिनिटांऐवजी चार मिनिटं बोलू लागली. बस, एवढंच. लगेच दर तीन माणसांतला एक जण बाहेर राहतो. गर्दी वाढलेलीच नाही, आलेला माणूस लवकर उठत नाही, इतकंच झालं. आपल्या इराण्याच्या हॉटेलात एका कपावर दोन तास पेपर वाचत बसणारी मंडळी असत, ती डोळ्यांपुढे आणा. दहा टेबलांपैकी सहांवर तसे लोक बसले, तर हॉटेल रिकामं असूनही भरलेलं. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

एरलांग १९२९ साली गेला. लग्न केलं नाही, पुस्तकं जमवली. १९४६ साली टेलिफोनवरच्या गर्दीच्या मापाला त्याचं नाव देण्यात आलं. आज गर्दी ‘इतके एरलांग’ अशी मोजतात.

टेलिफोनच्या जागी कॉम्प्युटर आला तेव्हा प्रश्न तोच राहिला, माणसं बदलली. १९७० साली आयबीएम कंपनीतल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांमध्ये कशी ठेवावी याचा एक निबंध लिहिला, आणि आज बँकेपासून रेल्वेपर्यंत जे जे डेटाबेस चालतात त्यांतले बहुतेक त्या निबंधाची नातवंडं आहेत. डेटाबेस म्हणजे एक मोठं दप्तर समजा, आणि दप्तराला खिडक्या. तुम्ही तिकीट काढता, खात्यातली शिल्लक पाहता, तेव्हा मधला कुठलातरी प्रोग्राम तुमच्या वतीनं खिडकीशी जाऊन उभा राहतो. त्याला आम्ही कनेक्शन म्हणतो. काम झालं की त्यानं खिडकी सोडायची असते.

या खिडक्या अमर्याद नसतात. मी ज्या डेटाबेसवर काम केलं तो पोस्टग्रेस. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९८६ साली मायकल स्टोनब्रेकर यांच्या देखरेखीखाली तो जन्मला आणि १९९६ पासून पोस्टग्रेस-क्यू-एल या नावानं जगभरच्या लोकांनी मिळून वाढवला, फुकट वाटला. त्यात प्रत्येक कनेक्शनसाठी कॉम्प्युटर एक स्वतंत्र कारकूनच बसवतो. त्याला बसायला जागा म्हणजे मेमरी लागते. म्हणून वरची मर्यादा ठरवून ठेवलेली असते. कुणी बदलली नाही तर ती शंभर. आणि त्या शंभरातल्याही शेवटच्या तीन खिडक्या सर्वसामान्यांना मिळत नाहीत, त्या मुख्य राखणदारासाठी राखीव. सगळं तुंबलं तरी त्याला मागच्या दारानं आत जाता यावं, अशी ही शहाणी सोय. मायएसक्यूएल नावाच्या दुसऱ्या डेटाबेसमध्येही अशी एक जादा खिडकी ठेवलेली असते. म्हणजे शंभरांपैकी सत्त्याण्णव लोकांच्या, तीन मालकाच्या. अठ्ठ्याण्णवावा सामान्य माणूस आला की त्याला टका सा जवाब मिळतो. मजकूर इंग्रजीत, पण अर्थ त्या टेलिफोनवाल्या बाईंचाच.

आता राखणदाराला कळणार कसं?

इथे दोन जुन्या गोष्टी एकत्र येतात. एक म्हणजे पत्र. आपण ई-मेल म्हटलं की इंटरनेट समजतो, आणि आपल्याकडे ते सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळालं. पण एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर पत्र पाठवण्याची करामत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ सालीच केली होती, आणि पत्त्यातलं ते ‘ॲट’चं वेटोळंही त्यांचंच. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये युनिक्स ही प्रणाली आकार घेत होती. तिच्या पहिल्या माहितीपुस्तकातच ‘मेल’ ही आज्ञा आहे. एकाच यंत्रावर काम करणाऱ्यांनी एकमेकांना चिठ्ठ्या टाकायची ती सोय होती.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रॉन. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेलं नाव. हा युनिक्समधला घड्याळजी. त्याला कागदावर लिहून द्यायचं, ‘दर पाच मिनिटांनी हे कर, रोज पहाटे दोनला ते कर,’ आणि तो इमानेइतबारे करत राहतो. पॉल व्हिक्सी यांनी १९८७ साली लिहिलेला क्रॉन पुढे जगभर पसरला. त्याची एक खोड अशी, की दिलेलं काम गुपचूप पार पडलं तर तो काही बोलत नाही. पण काम करताना प्रोग्रामच्या तोंडून एक शब्दही बाहेर पडला, कुरकुरीचा असो की साधा, तर तो शब्द पाकिटात घालून मालकाच्या नावे पोस्ट करतो. कुणाच्या नावे, तेही सांगता येतं. बोलायचं तर काही कामाचं असेल तेव्हाच, ही युनिक्सची घरची रीत. आपल्याकडे ती रुजणं कठीण, हे मी स्वतःच्या घरावरून सांगतो.

या दोन गोष्टींच्या जोरावर कुणालाही आपला पहारेकरी घडवता येतो. दहा ओळींचं काम आहे. डेटाबेसला विचारायचं, या क्षणी किती जण आत आहेत? त्याचा एक तक्ता असतोच, त्यात कोण, कुठून, केव्हापासून, काय करतोय, सगळं दिसतं. आकडा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला तर एक ओळ छापायची, नाहीतर गप्प बसायचं. क्रॉनला सांगायचं, दर पाच मिनिटांनी विचार. ओळ छापली गेली की पत्र आपोआप येतं. बाबांची वही, पण स्वतःहून घरी चालत येणारी. मी २००७ च्या सुमाराला असा पहारेकरी बसवला आणि मोठ्या अभिमानानं बाबांना दाखवला. ते म्हणाले, “पत्र वाचणार कोण?” मला तेव्हा तो प्रश्न निवृत्त माणसाचा वाटला.

मी ज्या रुग्णालयाचं काम पाहत होतो त्याचं नाव सांगत नाही. मोठं होतं, धर्मादाय होतं, पहाटेपासून केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागत असे. मी पत्राची मर्यादा ऐंशीवर ठेवली होती. झालं काय, की सोमवारी सकाळी ऐंशी हा आकडा रोजचाच होता. पत्रांचा पाऊस पडू लागला. पाच मिनिटांना एक. पहिल्या आठवड्यात मी धावत जाऊन पाहायचो. दुसऱ्या आठवड्यात नुसतं पाहायचो. तिसऱ्या आठवड्यात मर्यादा पंच्याण्णववर नेली. शिवाय अधूनमधून नेटवर्क अडखळलं की प्रोग्राम किरकोळ कुरकुर करायचा आणि क्रॉन तीही पाकिटात घालून पाठवायचा. मी ती कुरकुर सरळ ‘डेव्ह-नल’मध्ये सोडून दिली. ही युनिक्समधली अंधारविहीर. तिच्यात टाकलेलं काही परत येत नाही. मेलबॉक्स शांत झाला आणि मीही.

मग २००९ चा ऑगस्ट आला. पुणेकरांना सांगायला नको. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. शाळा बंद, चित्रपटगृहं बंद, औषधाच्या दुकानांतून मास्क नाहीसे. रुमाल बांधून माणसं रांगांमध्ये उभी. आमच्या रुग्णालयातही तपासणीची वेगळी टेबलं मांडली गेली आणि त्यांच्यासाठी दोन दिवसांत एक नवा प्रोग्राम लिहिला गेला. तो मी लिहिला नव्हता, पण तपासून मान्यता मी दिली होती. घशातल्या स्रावाच्या नमुन्याचा नंबर टाकायचा, अहवाल आला असेल तर दिसायचा. नंबर सापडला तर प्रोग्राम खिडकी नीट सोडून जायचा. नाही सापडला, तर गोंधळून तिथेच बसून राहायचा. इराण्याच्या हॉटेलातला गिऱ्हाईक. आणि त्या दिवसांत अहवाल यायला वेळ लागत होता, म्हणजे लोक पुन्हा पुन्हा येऊन विचारत होते, आणि नंबर सापडत नव्हते. प्रत्येक ‘नाही’बरोबर एक खिडकी कायमची अडत होती.

त्या सकाळी सात पंचावन्नला पहारेकऱ्यानं मोजलं, अठ्ठ्याऐंशी. मर्यादा पंच्याण्णव, म्हणून गप्प. आठ वाजता पाळी बदलली, सगळी टेबलं एकदम सुरू झाली आणि काही मिनिटांतच आकडा सत्त्याण्णववर गेला. पुढच्या वेळी पहारेकरी मोजायला निघाला, तर त्यालाच आत घेईनात. कारण मी त्याला सामान्य माणसाच्या नावानं आत पाठवत होतो, राखीव किल्ली दिलीच नव्हती. मोजणाऱ्यालाही आत जायला एक खिडकी लागते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. जागा नाही, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं ते इमानदारीनं ओरडून सांगितलं. आणि ती ओरड मी खोदलेल्या विहिरीत पडली.

पंच्याण्णवपासून सत्त्याण्णवपर्यंत दोन पावलांचं अंतर. तेवढ्या फटीत, पाच मिनिटांतून एकदा डोकावणारा माणूस नेमका सापडावा, अशी माझी व्यवस्था होती.

जवळजवळ दीड तास कुणालाही कुणाचा अहवाल दिसला नाही. केसपेपर निघेना. वॉर्डातल्या ज्यांच्या शस्त्रक्रिया होत्या ते रात्रीपासून उपाशी, त्यांचे आदल्या दिवशीचे रक्ताचे रिपोर्ट त्याच दप्तरात. मला फोन आला पावणेनऊला. घरून आत शिरायची सोय नव्हती. सिंहगड रस्त्यावरून पावसात स्कूटरनं पोहोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. राखीव किल्लीनं लगेच आत गेलो आणि तो तक्ता पाहिला. एकसष्ट कनेक्शन रिकामी बसलेली, काही न करता, पण काम सोडलेलं नाही अशा अवस्थेत. एकेक करून उठवली. पाच मिनिटांचं काम होतं.

खाली गेलो तर केसपेपरच्या खिडकीवर ज्या मावशी बसत त्यांनी शाळेची फुलस्केप वही काढून हातानं नंबर द्यायला सुरुवात केली होती. रांग हललेली नव्हती, पण मोडलीही नव्हती. एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभ्या होत्या, मुलाच्या तोंडावर मोठ्या माणसाचा रुमाल, डोळ्यांपर्यंत आलेला. मावशींनी मला सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “साहेब, मशीनला आधी कळलं होतं का?”

म्हटलं, “कळलं होतं, मावशी. रात्रीपासून वाढत होतं.”

“मग बोललं का नाही?”

बोललं होतं, मीच त्याचं तोंड बांधलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. नुसतं “चूक झाली” म्हणालो.

त्यानंतर मी वाचायला लागलो. आपल्यासारखे किती, हे पाहायचं होतं. पहिली सापडली ती अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची हकिगत. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तिथल्या अणुभट्टीत बिघाड झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच नियंत्रण कक्षात शंभरावर गजर एकाच वेळी वाजू लागले. चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगानं नोंदवून ठेवलंय, की त्यांतले बिनमहत्त्वाचे गजर बाजूला काढायची काही व्यवस्थाच नव्हती. इशारे छापणारा प्रिंटर तर घटनेच्या कितीतरी मागे पडला होता. सगळेच ओरडत असले की कुणीच ओरडत नसल्यासारखं होतं. माझी सोमवारची पत्रं मला तिथे भेटली.

दुसरी गोष्ट चंद्रावरची. २० जुलै १९६९, अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरायला काही मिनिटं उरलेली, आणि कॉम्प्युटर एक आकडा दाखवतो. बाराशे दोन. अर्थ असा, की माझ्याकडे एकाच वेळी इतकी कामं आली आहेत, की नवं काम ठेवायला जागा नाही. म्हणजे आमचाच आजार. एका रडारचे संकेत त्या कॉम्प्युटरचा बराचसा वेळ उगाच खात होते. यान उतरवायचं की परत फिरवायचं, हे पृथ्वीवरून सव्वीस वर्षांच्या स्टीव्ह बेल्सना सांगायचं होतं. त्यांच्या मागे चोवीस वर्षांचे जॅक गार्मन. काही दिवसांपूर्वीच्या रंगीत तालमीत असाच गजर वाजला होता आणि बेल्स यांनी चुकून परतीचा निर्णय दिला होता. त्यानंतर गार्मन यांनी असे सगळे गजर आणि प्रत्येकावर काय करायचं, हे हातानं एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यांनी कागद पाहिला आणि काही सेकंदांत सांगितलं, वारंवार येत नसेल तर हरकत नाही, उतरा. कॉम्प्युटरची रचनाही अशी होती, की गर्दी झाली की बिनमहत्त्वाची कामं तो टाकून द्यायचा आणि यान सांभाळणारी तेवढी पुन्हा हातात घ्यायचा. पण त्या यशातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे काचेखालचा कागद.

आमच्या धंद्यातही काही जण या गोष्टी आधीच शिकून बसले होते. ईथन गालस्टॅड या अमेरिकन तरुणानं १९९९ साली नेटसेंट नावाचा पहारेकरी बाहेर आणला, तोच २००२ पासून नागिऑस म्हणून प्रसिद्ध झाला. त्यात एक शहाणपण होतं. एकदा आकडा चुकला की तो लगेच बोंब मारत नाही. पुन्हा पाहतो, तिसऱ्यांदा पाहतो, आणि मगच खऱ्या संकटाची नोंद करतो. पत्र कुणी वाचलं नाही तर ते वरच्या माणसाकडे जातं. एखादी गोष्ट सारखी चालू-बंद होत असेल तर तो ओळखतो आणि पत्रं थांबवतो. अडकलेल्या कनेक्शनवरचा उपायही निघाला होता. स्काइप कंपनीनं २००७ साली पीजीबाउन्सर नावाचा दारवान फुकट वाटायला काढला. शेकडो गिऱ्हाइकांना तो दारातच थोपवतो आणि थोड्याशाच खिडक्या आळीपाळीनं वापरायला देतो. सगळं उपलब्ध होतं. मी वाचलं नव्हतं.

मग मी पहारेकरी नव्यानं बसवला. आता तो आत जातच नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनचा कारकून वेगळा, म्हणून बाहेरूनच ते कारकून मोजता येतात. म्हणजे लग्नघरात किती पाहुणे आले हे पाहायला आत डोकावायचं नाही, दारातल्या चपला मोजायच्या. मर्यादा सत्तरवर आणली, पण सलग तीनदा ओलांडली तरच पत्र. नुसते आकडे न मोजता, दहा मिनिटांहून जास्त काळ रिकामी बसलेली कनेक्शन किती, हे विचारायला दुसरा पहारेकरी ठेवला. तो मात्र आतच जातो, राखीव किल्लीनं. खरा आजार तोच सांगतो, नुसती गर्दी नव्हे, ठाण मांडून बसणं. पत्र तिघांना जातं. आणि पत्रातच खाली चार ओळी, काय करायचं त्याच्या. काचेखालचा कागद.

तरी एक भोक राहिलं होतं. पहारेकरीच मेला तर? पत्र पोहोचवणारी यंत्रणाच बंद पडली तर? शांतता दोन्ही वेळा सारखीच असते. सगळं ठीक असतानाची आणि सगळं संपल्यानंतरची. त्यासाठी युनिक्सची ती घरची रीत मोडली. रोज सकाळी सातला, काही झालेलं नसतानाही, एक पत्र येऊ लागलं. त्यात रात्रभरातला सर्वांत मोठा आकडा आणि एवढंच, की मी जागा आहे. हे पत्र आलं नाही तर कुणीतरी फोन करायचा.

कुणी करायचा, यावर बराच खल झाला. सातला ऑफिसात असतं कोण? शेवटी ते पत्र केसपेपरच्या खिडकीतल्या कॉम्प्युटरवरही पाठवायचं ठरलं. मावशींना आकड्यांचं काही देणंघेणं नव्हतं. त्या रोज ते पत्र उघडत, छापत, भोक पाडून फाइलला लावत, आणि मग खिडकी उघडत. बाबांची वही पुन्हा सुरू झाली होती. दोन वेळा पत्र आलं नाही. दोन्ही वेळा सात वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला, आणि पलीकडून एकच प्रश्न आला, “साहेब, आज पत्र नाही. खिडकी उघडू का नको?”